टॉवरवाला पावणा

रंकाळा स्टँडवरून सुटलेली गगनबावड्याची एसटी फुलेवाडीला जरा थांबली, आणि एक उंच तरुण धापा टाकत आत चढला. खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं, काखेत पिवळं हेल्मेट, केसांतून पाणी निथळतंय... सगळी गाडी त्याच्याकडं बघायला लागली. रिकामी जागा एकच होती, तेजस्वीच्या शेजारची. तो तिथं बसला आणि दोर मांडीवर घेतला. अर्धा स्वतःच्या, अर्धा तिच्या.

"पावणं, हे तुमचं अजगर जरा तिकडं घ्या की," तेजस्वी म्हणाली.

"सॉरी, सॉरी." त्यानं दोर छातीशी कवटाळला. मग हळूच म्हणाला, "तुमच्या फोनवरनं एक कॉल लावू काय? माझी बॅटरी संपलीया."

"फोन न्हाय माझ्याकडं."

"चोरला व्हय कुणी?"

"न्हाय. घरी ठेवून आलोय. कपाटात." तेजस्वी कबनूरची, आणि तिकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना 'आलोय-गेलोय'च म्हणतात.

"विसरून?"

"मुद्दाम."

आता त्यानं तिच्याकडं नीट वळून बघितलं. "मग निघालाय कुठं?"

"गगनबावड्याला, मावशीकडं. तिथला टॉवर म्हणे बंद पडलाय, कुणाच्याच फोनला रेंज न्हाय. म्हटलं, यापरीस चांगली जागा कुठली मिळणार?"

तो हसायला लागला. आधी गालात, मग मोठ्यानं... पुढच्या सीटवरची म्हातारी मागं वळून बघायला लागली.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाय—" त्यानं हेल्मेट वर करून दाखवलं. "त्यो टॉवर चालू करायलाच चाललोय मी."

त्याचं नाव विश्वजित. मुरगूडचा. मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्तीची कामं करायचा. कळे गाव मागं पडेपर्यंत एवढं तिला कळलं, आणि तिनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. भांडण नव्हतं, पण राग मात्र आला होता थोडा.

कारण तेजस्वी हौसेनं फोन ठेवून आली नव्हती.

ती साड्यांचे काठ काढायची. कबनूरला बाळासोंचा मागांचा कारखाना होता. तिथं कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसून ती कॉम्प्युटरवर वेली, कुयऱ्या, मोर जुळवायची, आणि पलीकडं खडखडणाऱ्या मागांवर ते विणले जायचे. पहिली दोन वर्षं तिच्या काठांना मोठी मागणी होती. मग कधीतरी सवय लागली, एक फूल काढायचं तर आधी फोनवर शंभर फुलं बघायची. ती बघता बघता समोर दुसरंच काहीतरी यायचं, त्यातून तिसरं... डोकं वर काढावं तर संध्याकाळ झालेली, आणि फूल अर्धवट.

गेल्या महिन्यात बाळासोंनी तिच्या नव्या काठाशेजारी आपला फोन ठेवला. फोनवर दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या साडीचा फोटो होता. तीच वेल. तशीच वळलेली. टोकाला तीच कळी.

"मी चोरलं न्हाय, काका," ती म्हणाली.

"ठाव हाय मला. त्येनंबी चोरलं नसंल. दोघांनी एकच चित्र बघितलंय कुठंतरी." बाळासो ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "चोरी न्हाय गं ही पोरी. पर हे तुझं न्हाय."

गणपतीपर्यंत त्यांनी तिला सुट्टी दिली होती. तोवर नवं काही निघालं तर ठीक, नाहीतर ते तयार नक्षी विकत घेणार होते, आणि मग काचेच्या खोलीत बसायला तेजस्वीची गरज उरणार नव्हती.

शालन मावशी गगनबावड्यात छोटी खानावळ चालवायची. नवरा लवकर गेला. मुलगा सयाजी फौजेत, लांब सरहद्दीवर. स्टँडवर सर ओसरेपर्यंत थांबून तेजस्वी घरी आली, ओसरीवर पाय धुऊन आत गेली, तर चुलीपुढं पाटावर विश्वजित आधीच बसलेला! ताटात नाचणीची भाकरी, वाटीत गरम कुळथाचं माडगं, आणि चेहऱ्यावर अत्यंत निरागस भाव.

"टॉवरवालं पावणं आल्यात," मावशी खुशीत म्हणाली. "काम हुईस्तोवर जेवाय आपल्याकडंच. शेजारच्या खोलीत ऱ्हायाची सोय केलीया."

"व्हय का," तेजस्वी म्हणाली. "किती दिवस?"

"पाऊस म्हणंल तितकं," विश्वजित भाकरी मोडत म्हणाला. "एवढ्या धुक्यात चढता येत न्हाय. देवाला सांगा, उघडीप दे म्हणून."

"मी उलटं सांगणार हाय देवाला."

"मग देव लई अडचणीत येणार बगा," तो म्हणाला, आणि मावशी तोंडाला पदर लावून हसली.

गगनबावड्याचा पाऊस दिवसाला थांबत नव्हता, रात्रीला थांबत नव्हता. पत्र्यावर तो इतका एकसारखा वाजायचा की थोड्या वेळानं ऐकूच यायचा नाही. तेजस्वी कागद-पेन्सिल घेऊन ओसरीवर बसायची आणि... काहीच व्हायचं नाही. एक रेघ ओढली की हात आपोआप कुडत्याच्या खिशाकडं जायचा. खिसा रिकामा. हात परत यायचा. जरा वेळानं पुन्हा जायचा. डोकं दुखायचं, उगीच चिडचिड व्हायची. कुणी काही म्हटलं की खेकसायची. काहीतरी महत्त्वाचं आपल्यावाचून चाललंय असं वाटत राहायचं. काय, ते मात्र सांगता यायचं नाही.

"खिशात मुंग्या हायत का?" एकदा विश्वजितनं विचारलं. तोही तिथंच बसलेला असायचा, दोराला गाठी मारत, पाऊस उघडायची वाट बघत.

"तुम्हाला काय करायचंय?"

"न्हाय... मोजालतो. मग मोजायचा कटाळा आला."

तिला हसू आलं. दाबलं, तरी आलं.

मग एका सकाळी ती ओसरीसमोरच्या जांभ्या दगडाच्या बुटक्या कुंपणाकडं, गडग्याकडं बघत बसली होती. गडग्यावर शेवाळ होतं, रोजच होतं. पण त्या दिवशी तिला दिसलं की शेवाळाचा हिरवा एक नाहीच. वरच्या अंगाला पोपटी, सांदीत काळपट, आणि जिथं पाणी ओघळत होतं तिथं चक्क पिवळा. सांदीतून नेच्याचं एक कोवळं पान वर येत होतं, टोकाशी गुंडाळलेलं, बाळाच्या मुठीसारखं. तिनं पेन्सिल उचलली. पान काढलं, चुकलं, पुन्हा काढलं. मावशीनं जेवायला हाक मारली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हात एकदाही खिशाकडं गेला नव्हता.

"मी बघालतो," विश्वजित हळूच म्हणाला. तो खांबाला टेकून बसला होता. दोर तसाच मांडीवर पडलेला.

"पानाकडं?"

तो उठून आत जेवायला गेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

दोन-चार दिवसांनी पाऊस जरा कमी झाला आणि तो नुसती पाहणी करायला टॉवरवर चढून आला. परतला तो थंडीनं कुडकुडत. मावशीनं घोंगडं दिलं, तेजस्वीनं चहा आणून दिला.

"काय झालंय टॉवरला?"

"वाऱ्यानं वरच्या डिशचं तोंड फिरलंय. ह्या टॉवरची डिश आन् पल्याडच्या डोंगरावरल्या टॉवरची डिश, दोघांची तोंडं बरोबर समोरासमोर लागत्यात. इवलं जरी हललं तरी बोलणं बंद." चहाचा घोट घेऊन तो थोडा घुटमळला. "माणसागतच की. नीट बघितलं तरच..."

"तरच काय?"

"तरच रेंज येते," तो घाईघाईनं म्हणाला.

तेजस्वीनं नजर खाली घेतली. मग एकदम म्हणाली, "वरनं काय दिसतंय?"

"धुकं."

"नुसतं धुकं?"

"न्हाय... एकदा फाटलं. जराशानं."

"मग सांगा की. सगळं सांगा. सावकाश." तिनं कोरा कागद पुढ्यात घेतला आणि डोळे मिटले.

असं त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मुरगूडला घरी पोचल्यावर सगळे आपापल्या फोनमध्ये. 'काम झालं का' एवढंच. तो अडखळत बोलू लागला. पायाखाली कोकण कसं खोल पडलंय... घाटाचा रस्ता ओल्या नाडीसारखा कसा लोंबतोय... डोंगरांच्या रांगा, एकीमागं एक, आणि दोन रांगांच्या मध्ये धुकं भरलेलं. पुढची रांग गडद, तिच्यामागची फिकी, त्यामागची त्याहून फिकी, आणि शेवटची आहे की नाही तेच कळत नाही.

"शेवटचीला कड कशी हाय? धारदार?"

"न्हाय. विझत आलेल्या आवाजागत."

तेजस्वीनं डोळे उघडले. कागदावर हात चालू लागला. तो बोलत राहिला, ती काढत राहिली. चहा निवला. चित्र पुरं झालं तेव्हा त्यानं वाकून बघितलं आणि शेवटच्या रांगेवरून हलकेच बोट फिरवलं.

"चुकलंय?"

"न्हाय. असंच हाय." तो म्हणाला. "माझं एवढा येळ कुणी ऐकलं न्हवतं गं."

'गं' म्हणाला, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. कुणीच दुरुस्ती केली नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला तेजस्वी पाणी प्यायला आत गेली, तर मावशी कोठीच्या दारात बसलेली. तळहातावर आपला जुना फोन, काळा पडलेला. पदरानं ती त्याची काच पुसत होती. रोज याच वेळेला सयाजीचा फोन यायचा. टॉवर बंद पडल्यापासून पोराचा आवाज कानावर नव्हता. जेवताखाता हसणारी मावशी, आणि ही मावशी... पाऊस पडत राहू दे म्हणून आपण खुशाल देवाला सांगत होतो!

ती तडक शेजारच्या खोलीच्या दारात गेली. "टॉवर लवकर चालू करा."

विश्वजितनं चकित होऊन बघितलं. "तुला तर नको होता की."

"मला नकोच हाय. मावशीला पायजे."

तो गंभीर झाला. "सकाळी धुकं जरा जरी उठलं तरी चढतो." मग थोडं थांबून म्हणाला, "पर चालू झाला की मला जायाला लागंल. ठाव हाय न्हवं?"

"ठाव हाय," ती म्हणाली आणि वळली.

सकाळी धुकं उठलं. टॉवरचा राखणदार खाली दोर धरून उभा राहिला आणि विश्वजित चढायला लागला. तेजस्वी पानांचं इरलं डोक्यावर घेऊन खाली चिखलात उभी होती. पिवळं हेल्मेट वर वर गेलं, लहान झालं, झेंडूच्या फुलाएवढं, मग पाकळीएवढं. वाऱ्यानं टॉवर कण्हत होता. मध्येच पावसाची सर आली तरी ती हलली नाही. मान अवघडली, पाय बधिर झाले. कित्येक वर्षांत तिनं कुठल्याही गोष्टीकडं इतका वेळ, इतकं एकटक बघितलं नव्हतं. आणि बघता बघता तिला स्वच्छ कळलं, हा माणूस खाली सुखरूप यायला पाहिजे. टॉवर चालू होवो न होवो.

एकाएकी गावात कुठंतरी फोन वाजला. मग दुसरा. मग घराघरातून, दुकानांतून, उभ्या जीपमधून... सगळं गाव वाजायला लागलं. खानावळीकडून मावशीची हाक आली, "तेजेऽ! सयाजी हाय गं! सयाजी बोलालाय!" आणि पुढं नुसतं हुंदक्यांचं हसणं.

विश्वजित खाली उतरला. हात सोलवटलेले. त्याच्याही खिशातला फोन थरथरत होता. त्यानं वाचलं आणि चेहरा उतरला. "उद्या सकाळी निघायचं. चंदगडकडं."

स्टँडवर मावशीनं त्याला भाकरी बांधून दिली आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून ती घराकडं वळली. दोघंच उरले.

"नंबर दे की तुझा," तो म्हणाला.

"नको."

"का? अख्खा तालुका माझ्या टॉवरवरनं बोलतोय आन् तूच न्हाय व्हय?"

"फोनवर काय बोलणार आपण? जेवलास का, झोपलीस का, आणि रोज सकाळी एक गुलाबाचं फूल." तिचा आवाज हळू झाला. "मला तसं नकोय. तुम्ही समोर बसून डोंगर सांगितले तसं पायजे... येत्या रविवारी रंकाळ्याला या. संध्यामठासमोर. दुपारी."

"आन् न्हाय आलो तर?"

तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली, तो घाईनं चढला. गाडी सुटली. तो मागच्या काचेतून बघत राहिला, वळण येईपर्यंत.

कबनूरला परतल्यावर तेजस्वीनं कपाट उघडलंच नाही. गडगा, नेचा, तारेवर लोंबणारे थेंब, सगळं तिच्या हातात होतं, आणि डोंगरांच्या त्या रांगा. सगळा काठ आधी तिनं कागदावर काढला, मग कॉम्प्युटरवर चढवला. गडद निळी रांग, फिकी निळी, त्याहून फिकी, आणि पदराकडं जाताना हळूहळू विझत गेलेली. बाळासोंनी पहिला विणलेला तुकडा दारापाशी उजेडात नेला. उलटून बघितला, बोटांनी चाचपला.

"कुठं बघितलंस हे?"

"मी न्हाय बघितलं, काका. एकानं बघितलं आणि मला सांगितलं."

बाळासोंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "त्याला सांगत ऱ्हा म्हणावं," एवढंच म्हणाले, आणि तुकडा घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

रविवारी ती रंकाळ्यावर गेली. तळं काठोकाठ भरलेलं, वारा भन्नाट. भेळेच्या गाड्यांवर गर्दी, कठड्याला पाठ लावून फोटो काढणारी पोरंपोरी. दुपार झाली, कलली. प्रत्येक उंच माणूस लांबून विश्वजित वाटायचा आणि जवळ आला की दुसराच निघायचा. दिवे लागले. पाण्यात त्यांच्या रेघा हलायला लागल्या, तरी ती बसून होती.

तो आला नाही.

घरी येऊन तिनं कपाट उघडलं. फोन चार्जिंगला लावला. चालू झाल्याबरोबर त्यावर मेसेजचा लोंढा आला. तिनं एकही उघडला नाही. सरळ मावशीला फोन केला. "मावशी... त्या टॉवरवाल्यांचा नंबर हाय का गं?"

"हाय की. आन् बाय माझी, तुझाबी त्यो सकाळधरनं चारदा मागालाय माझ्याकडं. मी म्हटलं, पोरीला इचारल्याबिगर देणार न्हाय."

तेजस्वीनं नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मी तेजस्वी."

पलीकडं पाऊस वाजत होता. मग बांध फुटावा तसा आवाज, "पूल पाण्याखाली गेलाय गं! परवापास्नं अडकलोय. ट्रॅक्टरवाल्यालाबी इचारलं, कुणी पल्याड सोडंना. टॉवर माझा, रेंज फुल्ल, हातात फोन... आन् तुला सांगायची सोय न्हाय! लई वाट बघितलीस?"

"दिवे लागेपर्यंत."

"रागावलीस?"

"घाबरलो. वाटलं, चढताना कुठं..." ती म्हणाली. "नंबर द्यायला पायजे होता. चुकलं माझं."

"तेजू." तो म्हणाला. "हे समोर बसून सांगणार होतो. पर आता धीर न्हाय. तू मला आवडतीस... ऐकालईस न्हवं? का कट झाला?"

"ऐकतोय."

"मग बोल की कायतरी!"

तिनं कपाळ थंड भिंतीला टेकवलं. छातीत माग चालू झाला होता. "उत्तर फोनवर न्हाय देणार. पाणी उतरलं की या."

पाणी उतरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी भर दुपारी तो आला. रविवारची वाट न बघता, गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन गाड्या बदलून, कबनूरला मागांच्या कारखान्याचा पत्ता विचारत विचारत. नव्या काठाच्या साड्या कारखान्यातल्या चारी मागांवर चढल्या होत्या. तेजस्वी एका मागाशी वाकून धागे बघत होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर टकटक केलं आणि दाराकडं बोट दाखवलं.

ती धावतच निघाली, आणि निम्म्यात थबकली. तो काहीतरी बोलला. मागांच्या खडखडाटात ओठच हलताना दिसले.

"काय?" ती ओरडली.

तो पुन्हा बोलला. हातानं पाणी, पूल, गाडी असं काहीतरी दाखवलं, आणि मग बोट तिच्याकडं करून भुवया उंचावल्या... उत्तर?

"व्हय!" ती म्हणाली.

त्यानं कानाला हात लावला. ऐकू येत न्हाय!

"व्हय म्हटलं!"

त्यानं केविलवाण्या चेहऱ्यानं मान हलवली. तेजस्वीनं छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "मलाबी तुम्ही आवडताऽ!"

नेमकी त्याच वेळी लाइट गेली.

सगळे माग एका दमात थांबले. तिचे शेवटचे दोन शब्द त्या शांततेत पत्र्याला जाऊन धडकले आणि परत आले. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायांचे हात थांबले. कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच. आतल्या खोलीतून बाळासोंचा आवाज आला, "ऐकलं गं पोरी! हुपरीपर्यंत ऐकलं असंल!"

तेजस्वीनं ओढणीत तोंड लपवलं. अंधुक उजेडात चिखलाची पावलं उमटवत विश्वजित जवळ आला, अगदी जवळ, आणि तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला,

"आता ओरडू नगंस. मी हितंच हाय."